पारा ४५वर असताना फ्रूट सॅलड कसं करायचं? वऱ्हाडातल्या उन्हाळ्यासाठी लक्षात ठेवा ‘एक तासाचा’ नियम

मे २०२४मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. हे कलम तेव्हा एरवी जमावबंदीसाठी ऐकायला मिळायचं. इथं मात्र कारण होतं ऊन. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, कोचिंग क्लासेस भर दुपारी घेऊ नका, अशा सूचना त्या आदेशात होत्या.

अकोला आणि अमरावतीकरांना असा उन्हाळा नवा नाही. २५ मेच्या आसपास नवतपा लागला की दुपारी रस्ते ओस पडतात, कूलर दिवसभर चालू असतो आणि जेवणाची इच्छाच मरते. अशा वेळी घरोघरी टरबूज कापलं जातं, पाहुणे आले की फ्रूट सॅलड होतं आणि लग्नाच्या पंगतीत पुरीसोबत कस्टर्डवालं सॅलड वाढलं जातं.

पण ज्या उन्हामुळे हे गारेगार फळ खावंसं वाटतं, त्याच उन्हात ते सगळ्यात लवकर खराबही होतं. म्हणून वऱ्हाडात फ्रूट सॅलड करताना फळं कोणती घेता यापेक्षा ती कधी कापता आणि किती वेळात संपवता, हे जास्त महत्त्वाचं आहे. समजून घेऊ.

एक तासाचा नियम काय आहे?

अखंड फळाला सालीचं संरक्षण असतं. सुरी फिरली की ते संपतं. आतला गर गोड आणि ओला असतो, म्हणजे जिवाणूंसाठी आयती मेजवानी. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. या हिशेबाने १०० जिवाणूंचे तीन तासांत ५१,२०० होतात.

म्हणूनच कापलेली फळं दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, असा सल्ला अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन देतं. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ही मुदत एक तासावर येते. आता अकोल्यातला मे महिना आठवा. तिथं सकाळी नऊ-दहा वाजताच पारा ३२च्या पुढे असतो. त्यामुळे दोन तासांची सवलत आपल्याला उन्हाळ्यात जवळपास मिळतच नाही.

सगळी फळं सारखीच धोक्याची नसतात. संत्री, द्राक्षं, डाळिंब ही फळं आंबट असतात आणि आम्लात बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते. टरबूज, खरबूज आणि पपई यांच्यात आम्ल फारच कमी असतं. नेमकी हीच फळं उन्हाळ्यात आपण सगळ्यात जास्त खातो.

साल खायची नाही, मग फळ धुवायचं कशाला?

कारण सुरी सालीवरूनच आत जाते. सालीवरची माती आणि जिवाणू ती थेट गरात नेते. खरबुजाची साल तर जाळीदार आणि खडबडीत असते, त्यामुळे तिच्यात घाण अडकून राहते. अमेरिकेत २०११मध्ये खरबुजातून लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची साथ पसरली होती. तिच्यात १४७ जण आजारी पडले आणि ३३ जणांचा मृत्यू झाला.

म्हणून टरबूज आणि खरबूज वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा स्वच्छ ब्रशने घासून धुवा. साबण लावू नका. आपल्याकडे प्रश्न येतो तो पाण्याचा. अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी ते साठवलेलं असतं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर भूजलच खारं आहे. टाकीतलं पाणी बरेच दिवसांचं असेल तर पहिली धुणावळ त्या पाण्याने करा आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा ओता. सुरी, पाट आणि हातही आधी धुवा. कांदा किंवा मटण कापलेली सुरी तशीच फळाला लावू नका.

वऱ्हाडात उन्हाळ्यात कोणती फळं घ्यावीत?

पश्चिम महाराष्ट्रातलं कलिंगड म्हणजे वऱ्हाडातलं टरबूज. इथं खरबुजाला डांगर म्हणतात, तर राज्यात इतर काही भागांत डांगर म्हणजे भोपळा. नदीपात्रातल्या वाळूत लावल्या जाणाऱ्या डांगरवाड्यांचं नाव यावरूनच आलं.

फळांमध्ये पाणी किती असतं ते पाहा:

- टरबूज: सुमारे ९१ टक्के
- खरबूज: ९० टक्के
- पपई: ८८ टक्के
- संत्रं: ८७ टक्के
- आंबा: ८३ टक्के
- द्राक्षं: ८१ टक्के
- केळी: ७५ टक्के

काकडी हे सुद्धा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच. तिच्यात जवळपास ९५ टक्के पाणी असतं आणि साखर नगण्य, म्हणून सॅलडमध्ये ती जरूर घाला.

संत्र्यांसाठी वरुड-मोर्शी पट्टा प्रसिद्ध आहे. मात्र मृग बहाराची संत्री साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात आणि उन्हाचा कडाका वाढेपर्यंत हंगाम आटोपतो. त्यामुळे मे महिन्यातल्या सॅलडमध्ये संत्र्याचा हट्ट धरू नका. अंजनगाव सुर्जी आणि अकोट भागातली केळी मात्र सहज मिळतात.

फ्रिज नसेल तर फळं गार कशी करायची?

इथं वऱ्हाडाचं कोरडं ऊन चक्क मदतीला येतं. कोरड्या हवेत पाण्याची वाफ लवकर होते आणि वाफ होताना पाणी आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. मुंबईच्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग होत नाही, तो याच कारणामुळे.

अखंड, धुतलेलं टरबूज ओल्या सुती कापडात गुंडाळून रात्रभर हवेशीर जागी ठेवा. कापड सुकलं की पुन्हा ओलं करा. सकाळपर्यंत फळ चांगलं गार होतं. पण ही युक्ती फक्त अखंड फळासाठी आहे. कापलेल्या फळासाठी माठाचा गारवा पुरेसा नाही, त्याला ५ अंशांखालचा फ्रिजच लागतो.

बाहेरून बर्फ आणत असाल तर त्याचा रंग पाहा. जून २०१८पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. निळसर बर्फ फक्त वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो. पांढरा बर्फही कुठल्या पाण्याचा आहे हे माहीत नसेल, तर तो सॅलडमध्ये न टाकता भांड्याच्या बाहेर, परातीत ठेवा.

साधं फ्रूट सॅलड: चौघांसाठी

साहित्य: टरबुजाच्या फोडी २ वाट्या, खरबूज १ वाटी, पपई किंवा आंबा १ वाटी, एक काकडी, एक केळ, एका लिंबाचा रस, पुदिन्याची ८-१० पानं, पाव चमचा शेंदेलोण किंवा काळं मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड.

१. फळं आधी अखंडच गार करून घ्या. कापायला बसा ते खायच्या १५-२० मिनिटं आधी.

२. टरबूज, खरबूज, पपई आणि काकडीच्या मोठ्या फोडी करा. फोडी जितक्या लहान, तितकं पाणी जास्त सुटतं.

३. केळं सगळ्यात शेवटी कापा आणि लगेच लिंबाचा रस लावा. कापलेल्या केळ्यातलं विकर हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याला काळं करतं. लिंबातलं आम्ल आणि ‘क’ जीवनसत्त्व ही क्रिया रोखतं. लिंबामुळे जिवाणू मरतात असं मात्र समजू नका.

४. मीठ आणि जिरेपूड वाढताना घाला. आधी घातली तर मीठ फोडींमधलं पाणी ओढून घेतं आणि तळाशी नुसता रस उरतो. साखर घातली तरी हेच होतं. पिकलेल्या फळांना तिची गरजही नसते.

पंगतीतलं कस्टर्डवालं सॅलड का बिघडतं?

महाराष्ट्रात अनेकांसाठी फ्रूट सॅलड म्हणजे दुधातलं, पिवळसर, वेलचीच्या वासाचं. कस्टर्ड पावडर ही मूळची इंग्लंडची. १८३७मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंड्याशिवाय कस्टर्ड करण्यासाठी ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं. ही पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ, रंग आणि वास.

अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर पुरते. ती आधी थंड दुधात कालवा, गरम दुधात थेट टाकली तर गुठळ्या होतात. दाट झालं की पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा आणि पूर्ण गार झाल्यावरच फळं घाला.

यात तीन गोष्टी टाळा. आंबट संत्री आणि द्राक्षं घालू नका, दूध फाटतं. कच्चं अननस आणि पपई घालू नका, त्यांच्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि सॅलड कडवट होतं. आणि चाखलेला चमचा पुन्हा भांड्यात बुडवू नका, कारण लाळेतलं विकर पिठाला पातळ करतं.

खरी जोखीम असते ती लग्नाच्या मोठ्या भांड्यात. पन्नास लिटर कस्टर्ड मधोमध गार व्हायला कित्येक तास लागतात. उकळल्यानंतरही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि कोमट दुधात पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे रात्री करून मांडवात तसंच ठेवलेलं कस्टर्ड दुपारी खाणं धोक्याचं. घरी कार्य असेल तर आचाऱ्याला दोन गोष्टी नक्की सांगा: कस्टर्ड लहान भांड्यांत विभागून बर्फावर गार करा आणि फळं पंगत बसायच्या आधीच कापा.

फ्रूट सॅलड खाल्लं म्हणजे ऊन लागणार नाही का?

नाही. घामातून पाण्यासोबत मुख्यतः सोडियम जातं. फळांत पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम नगण्य. १०० ग्रॅम टरबुजात ते जेमतेम १ मिलिग्रॅम असतं. सॅलडवर भुरभुरलेल्या मिठाने थोडी भर पडते, पण शेतात किंवा बांधकामावर तासन्तास घाम गाळणाऱ्याची गरज त्याने भागत नाही.

अशा वेळी ओआरएस हवं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मधुमेह असेल तर आंबा, केळी आणि चिकूचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियममुळे फळांवर मर्यादा असू शकते.

कुणाचं अंग तापलंय, तो बरळतोय किंवा शुद्ध हरपतेय, असं दिसलं तर खाऊ-पिऊ घालण्यात वेळ घालवू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ला फोन करा.

उरलेल्या सॅलडचं काय?

तासाभरात संपणार नसेल तर झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. बाहेर किती वेळ राहिलं हे आठवत नसेल, तर ते लेकराला देऊ नका आणि स्वतःही खाऊ नका. त्यातून उलट्या-जुलाब झाले तर फळांतून मिळालं त्याच्या कितीतरी पट पाणी शरीरातून निघून जातं, तेही ४५ अंशांच्या उन्हात.