विशेष शाळेत ‘शिकवतात’ कधी?

‘नुसतं खेळवतात हो, शिकवत काहीच नाहीत.’ बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदा तासभर बसून आलेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. यात आईवडील असतात, आजी-आजोबा असतात. विशेष डी.एड.चं पाठनिरीक्षण करायला वही घेऊन आलेली मुलंमुलीही पहिल्या आठवड्यात हेच म्हणतात. फळा कोरा, सगळे एका सुरात पाढे म्हणताहेत असं नाही, एक मणी ओवतोय, दुसरी डबा उघडतेय. मग शिकवणं घडतं कुठे?

अंबरनाथ पूर्वेच्या अशा एका वर्गातला प्रसंग सांगतो. मुलांची ओळख नको, म्हणून शाळेचं नाव देत नाही. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाच्या शर्टाची वरची सगळी बटणं ताईंनीच लावली. शेवटचं बटणही काजात अर्धं सरकवून दिलं. मुलाने ते फक्त पलीकडून ओढून घेतलं. ताई म्हणाल्या, ‘झालं! शर्ट कोणी घातला?’ मुलगा छातीवर हात ठेवून हसला. शेजारी बसलेल्या पाहुण्या बाई पुटपुटल्या, ‘सगळं तर यांनीच केलं.’

शिकवणं नेमकं तिथेच होतं. बटण लावणं हे आपल्याला एक काम वाटतं. विशेष शिक्षकाला त्यात सहा-सात कामं दिसतात: काज शोधणं, बटण चिमटीत धरणं, कडेवर उभं करणं, आत सारणं, पलीकडून पकडणं, ओढणं. मुलाला आधी शेवटचा तुकडा शिकवतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम पुरं करण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. तो जमला की त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्याच पायरीवर अडतं आणि शर्ट फेकून मोकळं होतं.

म्हणून अशा वर्गात बसलात तर मुलाकडे बघण्याआधी ताईंच्या हाताकडे बघा. तो हात कधी पुढे येतो, किती वेळ थांबतो, कधी मागे जातो? ताईंच्या नोंदवहीतही नुसतं ‘येतं’ किंवा ‘येत नाही’ असं नसतं. हात धरून केलं, सांगितल्यावर केलं, नुसत्या खुणेवर केलं, आपणहून केलं, अशा पायऱ्या असतात. जूनमध्ये हात धरावा लागायचा आणि दिवाळीत नुसतं ‘बटण’ म्हटलं की पुरतं, ही मोठी प्रगती आहे. बाहेरच्याला मात्र दोन्ही वेळा ‘ताईंनी मदत केली’ एवढंच दिसतं.

‘यांना अभ्यासक्रमच नसतो’ हा दुसरा समज. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने (स्थापना 1984) बनवलेली मूल्यमापनाची तपासणीसूची देशभरच्या विशेष शाळांत वापरली जाते. पूर्वप्राथमिक, प्राथमिक एक, प्राथमिक दोन, माध्यमिक, व्यवसायपूर्व असे तिचे स्तर आहेत. जेवण, कपडे, शौचापासून वाचन, पैसे, वेळ इथपर्यंतची कौशल्यं त्यात येतात. त्यावरून प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा ठरतो. एका वर्गात आठ मुलं असतील तर आठ आराखडे. सगळ्यांचा एकच धडा चाललेला दिसत नाही, तो यामुळे.

वाचनाचंच घ्या. त्याच वर्गातली एक मुलगी स्टेशनांची नावं वाचत होती: कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मुळाक्षरं तिची अजून पुरी नाहीत. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायचा, ही रीत. ताईंनी कार्डं मुद्दाम पिवळी केली होती, त्यांवर काळी अक्षरं, फलाटावरच्या पाटीसारखी. पांढऱ्या कागदावरचं ‘अंबरनाथ’ जिला वर्गात येतं, तिला ते फलाटावर येईलच असं नाही. म्हणून तोच शब्द कार्डावर, फळ्यावर, तिकिटावर आणि शेवटी खऱ्या स्टेशनात नेऊन शिकवावा लागतो. ‘रोज तेच तेच घेतात’ ही तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कवितेआधी स्टेशन का, असंही कुणी विचारेल. माझं मत विचाराल तर लोकलवर जगणाऱ्या गावात हाच क्रम बरोबर.

‘प्रेमळ बाई असल्या की झालं, त्याला शिक्षण कशाला?’ या समजाने मुलांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. प्रेमळ माणूस बटण लावून मोकळा होतो. थांबायचं किती, हे शिकावं लागतं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा आहे. त्यानुसार विशेष शिक्षकाने मान्यताप्राप्त शिक्षण घेऊन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय काम करणं गुन्हा आहे. शाळा निवडताना इमारतीचा रंग बघण्यापेक्षा शिक्षकाचा नोंदणी क्रमांक विचारा.

उरलेले समज थोडक्यात. बौद्धिक अक्षमता हा मनोविकार नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येनेच ती वेगळी काढली आहे. तिच्यावर बरं करणारं औषध नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला गोळी दिलेली दिसली, तर ती बहुधा फिट्सची वगैरे असते आणि ती चुकवून चालत नाही. ‘अशी मुलं मारतात’ हेही सरसकट खरं नाही. बोलता न येणारं मूल हात उगारतं तेव्हा पुष्कळदा ते ‘नको’ म्हणत असतं. त्याला ‘नको’चं चित्रकार्ड दिलं की हात खाली येतो, असा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे.

आणि ‘साध्या शाळेत यांना घेतच नाहीत’ हे कायद्याला धरून नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड त्याची. साध्या शाळांतल्या अशा मुलांसाठी प्राथमिकला दहांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये घालून दिलं.

वर्ग बघायला जाणार असाल तर शाळेची आधी परवानगी घ्या, फोन पिशवीत ठेवा, मुलांचे फोटो काढू नका. मूल अडलं की मदतीला धावू नका; ताई मुद्दाम थांबलेल्या असतात. आणि पालक असाल तर निघताना दोनच प्रश्न विचारा: या तिमाहीत आमच्या मुलाची उद्दिष्टं कोणती, आणि घरी आम्ही कुठे हात आवरता घ्यायचा?