विलायती चांदी घेताना भांडे उलटे करून पाहा

जुन्या वस्तूंच्या व्यवहारात उतरणाऱ्या वाचकांना आमचे पहिले सांगणे असे की, भाव विचारण्याआधी भांडे उलटे करावे. ही अक्कल आम्हाला पैसे मोजून आली. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, आम्ही एक विलायती चहादाणी घेतली. तळाशी चार छोट्या चौकटींत चार ठसे होते. "चार छाप म्हणजे अस्सल माल," असे दुकानदार म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. पुढे सराफाने भिंग लावून ती वळणदार अक्षरे वाचून दाखविली: ई, पी, एन, एस!

निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढविलेला चांदीचा मुलामा, असा या अक्षरांचा अर्थ. निकेल सिल्व्हर म्हणजे आपले जर्मन सिल्व्हर. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते. चांदी गुंजभरही नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली या पद्धतीचे पेटंट घेतले आणि मुलाम्याचा माल जगभर गेला. कारखानदार आपली अक्षरे अशा बेताने ठोकीत की, लांबून ती सरकारी छापासारखीच दिसावीत. आम्ही फसलो ते इथेच.

इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालता सिंह असतो. लंडनमध्ये १५४४ पासून तो उठविला जात आहे. हजारात ९२५ भाग चांदी असल्याची ती ग्वाही. शेजारी गावाची खूण असते. लंडनचे चित्त्याचे मुंडके, बर्मिंगहॅमचा नांगर (शेताचा नव्हे, जहाजाचा) आणि शेफील्डचा १९७४ पर्यंत मुकुट. पण एकट्या मुकुटावर विसंबू नये, मुलामेवालेही तो वापरीत. एक अक्षर वर्ष सांगते. मात्र तेच अक्षर पुन्हा पुन्हा येत असल्याने त्याचे वळण आणि चौकट कोष्टकाशी ताडून पाहावी लागते. राजा किंवा राणीचे मुंडके दिसले, तर कर भरल्याची ती खूण. ती १७८४ ते १८९० या काळातली.

राहिली कारागिराची आद्याक्षरे. मॅपिन अँड वेब, वॉकर अँड हॉल ही नावे मोठी खरी, पण त्यांनी चांदी आणि मुलामा दोन्ही विकले. तेव्हा नाव वाचून थांबू नये, सिंह शोधावा. लोहचुंबक इथे कुचकामी आहे, कारण जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. त्यापेक्षा कडा आणि मुठी पाहाव्यात. घासून आतला पिवळट रंग उघडा पडला असेल, तर मुलामा समजावा. मोडीत त्याला चांदीचा भाव मिळत नाही.

आता याच्या उलट गोष्ट. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात चांदीवर सरकारी छापाची पद्धतच नव्हती. त्यामुळे इथल्या अस्सल मालावर सिंह सापडणार नाही. कारागिराचा ठसा हीच काय ती हमी. कच्छमधील भुजचे उमरसी मावजी इंग्रजीत 'ओ. एम.' ही अक्षरे उठवीत. वेलबुट्टी आणि त्यातून डोकावणारी जनावरे यांचे त्यांचे काम आज परदेशी लिलावांत चांदीच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक किमतीला जाते.

आमच्या ओळखीच्या एका सराफाकडे अशाच ठशाची एक गुलाबदाणी मोडीत आली होती. तराजूत टाकण्यापूर्वी त्याने सहज ती उलटी केली. ती अजून त्याच्या तिजोरीत आहे. आमची चहादाणी मात्र आमच्याच घरी, चहासाठी.