गर्भकालनिर्णय : तिथी, तारीख आणि ‘कितवा महिना’

गर्भिणी तपासणीस आली की वैद्याचा पहिला प्रश्न ‘कितवा महिना?’ हा असतो. तिचे उत्तर बहुधा तत्परतेने येते. मात्र ते कोठून मोजलेले आहे याची चौकशी क्वचितच होते. कोणी शेवटच्या पाळीपासून मोजते, कोणी पाळी चुकल्या दिवसापासून, तर कोणी चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेषा उमटली त्या दिवसापासून. या तीन गणनांत चार ते सहा आठवड्यांचे अंतर सहज पडते.

आधुनिक प्रसूतिशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरते. जर्मनीतील हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाचा नियम सर्वपरिचित आहे : त्या तारखेत ७ दिवस व ९ महिने मिळवावेत. आपल्याकडील ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा लोकव्यवहारातील हिशेब याहून केवळ दोन दिवसांनी पुढे आहे. प्रत्यक्ष गर्भधारणा मात्र या आरंभदिनानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. म्हणून गर्भाचे खरे वय २६६ दिवसांचे ठरते, आणि साडेएकोणतीस दिवसांचे नऊ चांद्रमासही जवळजवळ तितकेच भरतात. चरकाचार्यांनी नवव्या मासाच्या आरंभापासून दशम मासापर्यंत प्रसवकाल सांगितला, त्याचा विचार ही चांद्र गणना ध्यानात ठेवून करणे उचित होय. सुश्रुताचार्यांनी अकराव्या-बाराव्या मासापर्यंत दिलेली मुभा आज व्यवहारात स्वीकारता येणार नाही. ४२ आठवडे उलटल्यावर वाट पाहणे गर्भास घातक ठरू शकते.

नेगेलेचा नियम २८ दिवसांच्या नियमित ऋतुचक्रासाठी आहे. चक्र ३५ दिवसांचे असल्यास बीजोत्सर्ग आठवडाभर उशिरा होतो. प्रसूतीची तारीखही ७ दिवस पुढे न्यावी. स्तनपानकाळात पाळी सुरू होण्यापूर्वीच गर्भ राहिला असेल किंवा संततिनियमनाच्या गोळ्या नुकत्याच थांबविल्या असतील, तर पाळीच्या तारखेवर विसंबू नये. आणखी एक फसवे स्थान म्हणजे गर्भ रुजताना होणारा अल्प रक्तस्राव. स्त्री त्यालाच पाळी समजते आणि गणना एक महिन्याने मागे पडते. ‘शेवटची पाळी नेहमीसारखी, तितकेच दिवस झाली का?’ एवढे विचारल्यास ही चूक बहुधा टळते.

आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. ही माहिती मुळीच टाकाऊ नव्हे. सणाची आठवण तारखेपेक्षा पक्की असते. परंतु तिचे रूपांतर त्याच वर्षाच्या पंचांगावरून करावे. आषाढी एकादशी ते नागपंचमी हे अंतर एरवी सुमारे २४ दिवसांचे. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ते २९ जून ते २१ ऑगस्ट असे ५३ दिवसांचे झाले. अंदाजाने महिने मोजणाऱ्याची त्या वर्षी पूर्ण एका महिन्याची चूक झाली असती.

या चुकीची किंमत चिकित्सेत मोजावी लागते. मासानुमासिक परिचर्येत चरकाचार्यांनी अष्टम मासात घृतयुक्त क्षीरयवागू आणि नवम मासात मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ति व योनिपिचू सांगितला आहे. मास चुकला तर नवमातील उपक्रम अष्टमात, म्हणजे ओज अस्थिर असताना होतो.

तारीख संशयास्पद असल्यास लवकरात लवकर सोनोग्राफी करवून घ्यावी. १४ आठवड्यांपूर्वी गर्भाच्या डोके ते कुल्ला लांबीवरून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने अचूक येते. अखेरच्या तीन महिन्यांत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. म्हणून पहिल्या सोनोग्राफीने निश्चित केलेली तारीख पुढील अहवालांवरून बदलू नये. उत्तरकाळात गर्भाचा आकार कमी भरला, तर तारीख पुढे न ढकलता गर्भवाढ खुंटली आहे काय, हे पाहावे. पहिल्या खेपेस १८ ते २० व पुढील खेपांस १६ ते १८ आठवड्यांच्या सुमारास जाणवणारे गर्भस्पंदन आणि गर्भाशयाची उंची ही पडताळणीची साधने होत, निर्णयाची नव्हेत.

औषधविक्रेत्यांचाही येथे निकट संबंध आहे. चाचणीची पट्टी गर्भ आहे एवढेच सांगते. त्याचे वय सांगत नाही, तो गर्भाशयात आहे की बीजवाहिनीत हेही सांगत नाही. गर्भपाताच्या गोळ्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ठरविलेली ९ आठवड्यांची मर्यादा शेवटच्या पाळीपासून मोजावयाची आहे. ‘दोनच महिने झाले’ असे सांगणारी स्त्री पाळी चुकल्यापासून मोजत असेल, तर ती प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्या आठवड्यात असते. अशा वेळी या गोळ्यांनी अतिरक्तस्राव वा अपुरा गर्भपात होण्याचा धोका वाढतो. कायद्याने पात्र असलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या देऊ नयेत. ग्राहक म्हणून तिचा पती आलेला असला, तरीही नाही.