वांटणी एकरांची कीं मातीची ?

सोलापुराहून गाणगापुरास दत्तदर्शनाला जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं दुधनीचें स्टेशन गाडीच्या खिडकींतून पाहिलें असेल. अक्कलकोट रोड सोडलें कीं नागणसूर, बोरोटी आणि मग दुधनी. पुढें महाराष्ट्राची हद्द संपते. पण कानडी आणि मराठी यांची सरमिसळ त्याच्या कितीतरी आधींच सुरू झालेली असते. दोहों बाजूंस पसरलेलें शिवार पाहून प्रवासी म्हणतो, "काय ही काळी जमीन !" आणि डोळे मिटतो. आम्हीहि अनेकदां तसेंच केलें आहे. परंतु एका वैशाखांत स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही दुधनीस उतरलों, आणि 'काळी जमीन' या दोन शब्दांखालीं किती निरनिराळ्या जमिनी नांदतात हें आम्हांस तेथें उमगलें.

प्रसंग होता वांटणीचा. घर जुनें, एकत्र, भाऊ तिघे. थोरले गांवींच, मधले सोलापुरास बँकेंत, धाकटे पुण्यास इंजिनिअर. जमीन अठरा एकरांची, सलग. सडकेपासून खालीं ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. नकाशावर दोन आडव्या रेघा ओढल्या, प्रत्येकास सहा एकर आले, आणि सर्वांस वाटलें कीं काम झालें. रिवाजाप्रमाणें थोरल्यांनीं वांटे पाडले व धाकट्यांनीं प्रथम उचलला. त्यांनीं सडकेलगतचा वरचा वांटा घेतला. मोटर थेट बांधापर्यंत जाते, म्हणून ते खुषहि होते. वरच्या जमिनींत काय पिकतें हें थोरल्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं; पण सहा एकर म्हणजे सहा एकर, हा हिशेब त्यांसहि सोयीचा वाटला असावा.

सह्या व्हावयाच्या तोंच घरांतील वृद्ध आत्या म्हणाल्या, "सह्या उद्यां करा रे. आज तिघेहि पहार आणि फावडें घेऊन शेतांत जा, आणि तीन ठिकाणीं कमरेइतका खड्डा खणून या."

आम्हीहि त्यांच्याबरोबर गेलों. वरच्या तुकड्यांत पहार वीतभर गेली नाहीं तों खणकन वाजली. वर भुरकट, खडेमिश्रित माती आणि खालीं मुरूम. कमरेइतका खड्डा तेथें होणेंच शक्य नव्हतें. मधल्या तुकड्यांत दोन वितींपर्यंत करडीकाळी माती लागली, मग चुनखडीचे पांढरे खडे, आणि त्याखालीं मुरूम. ओढ्यालगतच्या तुकड्यांत मात्र पाऊल टाकतांनाच जपावें लागलें, इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या. हातांतील काठी एका भेगेंत सोडली तों ती निम्मी आंत गेली. कंबर बुडेपर्यंत खणलें तरी काळी माती संपेना. खोल थरांतून निघालेल्या ढेकळांच्या बाजू तेल चोपडल्यासारख्या चकचकीत होत्या.

एकाच शेतांत तीन जमिनी कशा ? खडक तर सर्वत्र एकच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून लाव्हारसाचे लोंढे बाहेर पडले आणि थरावर थर थिजून दख्खनचा काळा पाषाण झाला. परंतु खडकापासून माती कोणती होईल हें केवळ खडक ठरवीत नाहीं. पाऊस आणि उतार हेहि ठरवितात. याच काळ्या पाषाणावर कोंकणांत दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यानें चुना, मॅग्नेशियम आणि पुष्कळशी सिलिका धुऊन जाते, लोह व ॲल्युमिनियम मागें उरतात, आणि तांबडा जांभा तयार होतो. सोलापूरकडे पाऊस वर्षास सुमारें सातशे मिलिमीटर आणि ऊन कडक. येथें चुना धुऊन न जातां मातींतच राहतो, आणि अतिशय बारीक, चिकट अशी चिकणमाती बनते. तींतहि माथ्यावरची माती पावसाबरोबर घसरून खालीं येते. म्हणून माथा उघडा पडतो, मध्यें मध्यम थर राहतो, आणि सखल भागांत पिढ्यान् पिढ्यांचा सांठा जमतो. वरच्या शेताची खरवड म्हणजेच खालच्या शेताची समृद्धि !

या सखल भागांतील खोल काळ्या मातीस शास्त्रज्ञ व्हर्टिसोल म्हणतात. लॅटिन भाषेंतील 'उलथणें' या अर्थाच्या धातूवरून हें नांव पडलें. तिच्यांतील चिकणमातीचे कण पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी त्या पानांमध्यें शिरलें कीं माती फुगते, निघून गेलें कीं आकसते व भेगाळते. उन्हाळ्यांत वरची भुसभुशीत माती भेगांतून खालीं पडते. पावसाळ्यांत खालची माती फुगून वर रेटली जाते. अशी ही जमीन स्वतःस हळूहळू उलथीत असते. फुगतांना मातीचे मोठे गठ्ठे एकमेकांवर घांसतात. ढेकळांची ती चकाकी त्या घर्षणाची खूण होय. घराच्या भिंती अशा जमिनीवर तडकतात, त्याचेंहि कारण हेंच. म्हणून जाणता गवंडी पाया मुरमापर्यंत नेल्यावांचून राहत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं शेतीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' अशीं निराळीं नांवें ठेविलीं, तीं उगीच नव्हेत.

काळा रंग पाहून ही माती सत्त्वानें भरलेली असेल असें वाटतें. पण तसें नाहीं. हिच्यांत सेंद्रिय अंश थोडा, नत्र आणि स्फुरद कमी. पालाश मात्र पुरेसा. हिचें खरें धन म्हणजे पाणी धरून ठेवण्याची शक्ति. एक मीटर खोल काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असें सुमारें दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटांत ठेवते. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें चार हजार लिटर. तेव्हां दीडशे मिलिमीटर म्हणजे एकरीं सहा लाख लिटर झाले ! वीतभर मुरमाड जमिनींत याचा पांचवा हिस्साहि मावणें कठीण.

या भागांत पावसाचा खरा भर भाद्रपद-आश्विनांत असतो. म्हणून खोल काळींत शेतकरी पावसाळाभर पीक न घेतां कुळवाच्या पाळ्या घालतो, पाणी मुरवितो, आणि वाफसा येतांच शाळू पेरतो. मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी ज्वारी पुढें थंडीच्या दिवसांत त्याच सांठ्यावर वाढते. भेगा पडूं लागल्या कीं कोळपे चालवून त्या बुजवितात; एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें जुने लोक म्हणतात. मधल्या जमिनींत तूर-उडीद, वरच्या बरडावर बाजरी, मटकी, हुलगा. सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें, त्याचाहि रोख हाच होता कीं पाऊस जेथें पडतो तेथेंच जिरवावा आणि जमीन पाहून पीक घ्यावें.

जमीन न पाहतां केलेला चांगला उपायहि अंगलट येतो. मुंबई सरकारनें १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा केला, आणि पुढें समपातळी बांधांचीं कामें सर्वत्र झालीं. हलक्या जमिनींत तीं उपयोगी पडलीं. खोल काळींत मात्र पाणी सावकाश मुरतें. तें बांधामागें तुंबून पीक पिवळें पडे, आणि उन्हांत भेगाळलेला बांध पहिल्या मोठ्या सरींत फुटे. तेथें पाण्यास हळूहळू वाट देणारा, किंचित् ढाळाचा बांध हवा. कालव्याच्या पाण्याचेंहि तसेंच. निचऱ्याची सोय न करितां काळींत भरमसाट पाणी दिलें तर खालचे क्षार वर येतात आणि जमीन खारवट किंवा चोपण होते. नीरा कालव्याखालीं हा अनुभव शंभर वर्षांपूर्वींच आला होता.

सायंकाळीं ओसरीवर आम्हीं जुन्या पैमाशीची गोष्ट काढली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून जी पद्धति घातली, तींत पुढें जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. रंग व पोत पाहावयाचा, खोली हातानें मोजावयाची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. अगदीं खालची प्रत दोन आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार असे दोष दिसले कीं प्रत उतरे.

आत्या म्हणाल्या, "मग आणेच वांटा ना ! खालची सोळा आण्यांची, मधली आठ, वरची चार."

इंजिनिअर धाकट्यांनीं लगेच आंकडे मांडले. सहा-सहा एकरांचे मिळून एकशें अडुसष्ट आणे, प्रत्येकास छप्पन्न. म्हणजे एकास खालचे साडेतीन एकर. दुसऱ्यास खालचे अडीच आणि मधले दोन. तिसऱ्यास मधले चार आणि वरचे सहा. साडेतीन, साडेचार आणि दहा ! ओसरीवर क्षणभर कोणी बोलेना. मग मधले म्हणाले, "उभ्या पट्ट्या पाडल्या तर प्रत्येकास तिन्ही जमिनी मिळतील."

आत्यांनीं मान हलविली. "आणि त्या अरुंद पट्टींत नांगर उताराच्या दिशेनें चालेल. पहिल्याच पावसांत माती ओढ्यांत !"

वांटे नव्यानें पडले. उचलण्याचा मान पुन्हां धाकट्यांचाच. त्यांनीं दहा एकरच घेतले. पण या वेळीं मोटर बांधापर्यंत जाते म्हणून नव्हे. मुरमाड जमिनींत पाण्याचा निचरा चांगला होतो, तेथें सीताफळ आणि बोर लावीन, असें ते म्हणाले. कागदावर शेवटीं एक कलम आत्यांनीं घालविलें: बांध आणि सांडवे तिघांनीं मिळून राखावे, कारण वरच्यानें हयगय केली तर त्याची माती जाईल आणि खालच्याचा बांध फुटेल. सह्या त्या कलमानंतर झाल्या.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं गांवच्या जमिनीचे उतारे पेटींत जपून ठेविलेले असतील. वांटणी असो, विक्री असो, विहीर असो वा घर. त्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेलें असतें, खोली लिहिलेली नसते. तेवढ्यासाठीं तरी एकदां पहार घेऊन शेतांत जावें, आणि वर, मध्यें व खालीं असे तीन खड्डे खणून पाहावेत.