बोअन आणि मध्यंतरातली नदी

आयर्लंडची बॉइन नदी म्हणजे पुराणकथेतली बोअन देवी. निषिद्ध सेगस विहिरीजवळ ती गेली, पाणी उसळलं, तिच्या पाठोपाठ समुद्राकडे धावलं. तीच ही नदी. दुसऱ्या कथेत ती तीन हार्पवादकांची आई आहे. तिच्या प्रसूतीवेळी हार्पवर आधी वेदनेचे, मग आनंदाचे, शेवटी निद्रेचे सूर वाजले. मुलांची नावं त्यांवरूनच पडली. संगीताला इतकी सुंदर जन्मकथा क्वचितच लाभते.

आयर्लंडमध्ये नदी आणि संगीत पुन्हा भेटले ते एका स्पर्धेच्या मध्यंतरात. त्याची नांदी आधीच झाली होती: १९८१मध्ये डब्लिनच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात प्लँक्स्टी या आयरिश लोकसंगीत बँडचा ‘टाइमडान्स’ झाला. त्याचे एक रचनाकार बिल व्हेलन. त्यांचाच सुमारे सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ (म्हणजे ‘नदीनृत्य’) ३० एप्रिल १९९४ रोजी तिथल्याच स्पर्धेच्या मध्यंतरात सादर झाला: आधी अनूना गायनवृंदाचे गायक, मग नर्तकांच्या टाचांचा कडकडाट. १९९५मध्ये त्याचाच पूर्ण लांबीचा कार्यक्रम रंगमंचावर आला.