निलगिरीची दातेरी वाट

तंजावरचा मुलूख म्हणजे कावेरीकाठची सपाट भातखाचरे. तेथील आगगाडीस चढ ठाऊक नाही. तेथून मेट्टुपाळयमला आलेल्या प्रवाशास म्हणूनच नवल वाटते, की डोंगर चढणाऱ्या गाडीचे इंजिन मागे का?

कल्लारपुढे सुमारे बारा फुटांस एक फूट असा चढ लागतो. तेथे गुळगुळीत रुळांवर चाके घसरतील. यासाठी रुळांमध्ये दातेरी पट्ट्यांची जोडी बसविली आहे. एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर येत असल्याने इंजिनाचे दंतचक्र क्षणभरही मोकळे सुटत नाही. इंजिन उताराच्या बाजूस असल्यामुळे डब्यांची साखळी तुटली तरी ते त्याच्यावरच टेकतात. शिवाय प्रत्येक डब्यावर ब्रेकवाला असतोच!

१८९९ साली खुला झालेला हा दातेरी मार्ग कुन्नूरला संपतो. पुढे उदगमंडलमपर्यंत, १९०८ पासून, गाडी साध्या रुळांवरूनच चढते.