खानदेशातील सात दिवस

प्रवासाची आवड कोणाला नसते? परंतु पुष्कळ प्रवासी घरी परततात, तेव्हा त्यांच्याजवळ गावांच्या नावांवाचून दुसरे काही उरलेले नसते. आज हे पाहिले, उद्या ते पाहिले, अशी त्यांची नुसती धावपळ होते. असे होऊ नये म्हणून प्रवास आधी नकाशावर करावा. जळगाव आणि धुळे या भागात सात दिवस हिंडावयाचे असेल, तर ते कसे आखावे, याचा आपण विचार करू.

पहिला विचार ऋतूचा. खानदेशचा उन्हाळा मोठा कडक असतो. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दगडावर हात ठेववत नाही. म्हणून पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत निघावे. दुसरा विचार मुक्कामाचा. रोज नव्या गावी बिऱ्हाड हलविल्यास निम्मा वेळ सामान बांधण्यात जातो. त्यापेक्षा आरंभीचे दिवस जळगावी व शेवटचे धुळ्यास राहावे आणि तेथून सकाळी निघून सायंकाळी परतावे.

तिसरा विचार वाराचा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यास सारा दिवस फुकट जातो. म्हणून रविवारी जळगाव शहर व जवळचे आसोदे पाहावे. आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी शेतात व घरात राबताना त्यांनी रचलेली गाणी आज महाराष्ट्रभर आवडीने म्हटली जातात. सोमवारी भुसावळच्या पुढे चांगदेव येथे जावे. तेथे तापी व पूर्णा यांचा संगम असून काठी प्राचीन दगडी मंदिर आहे.

मंगळवार अजिंठ्यासाठी राखावा. ही लेणी शेजारच्या जिल्ह्यात असली, तरी जळगावापासून सुमारे ६० किलोमीटरच दूर आहेत. वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यात ती कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली आणि पुढे त्यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु त्याच स्मिथने दहाव्या लेण्यातील खांबावर, प्राचीन चित्रावरच, आपले नाव कोरून ठेवले! तेथील चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत. हाताच्या स्पर्शाने आणि ओलाव्याने ती झिजतात. गेलेला रंग पुन्हा आणता येत नाही. म्हणून चित्रे दुरून, शांतपणे पाहावीत. तीस लेणी घाईने पाहण्यापेक्षा चार-पाच लक्षपूर्वक पाहणे बरे.

बुधवारी विश्रांती घ्यावी व पाहिलेले वहीत लिहून काढावे. गुरुवारी मुक्काम हलवावा. जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. वाटेतच एरंडोल व पारोळा ही गावे लागतात. एरंडोलहून थोडी वाट वाकडी केली, की पद्मालय हे कमळांच्या तळ्याकाठचे गणपतीचे मंदिर येते. पारोळ्यास भुईकोट किल्ला आहे. वाटेवरची स्थळे वाटेतच पाहिली, म्हणजे तेवढ्यासाठी वेगळी फेरी पडत नाही.

शुक्रवारी धुळे शहर पाहावे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधली. वाळवी व पाऊस यांच्या तोंडून त्यांनी हजारो कागद वाचविले. १९२६ च्या अखेरीस त्यांचे धुळ्यास निधन झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. त्यांनी जमविलेले कागद तेथे जतन केलेले आहेत. स्मिथने खांबावर स्वतःचे नाव ठेवले. राजवाड्यांनी विस्मरणात गेलेल्या असंख्य माणसांची नावे राखली. याच शहराच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

शनिवारी भल्या पहाटे उठून आग्रा रस्त्यावरील लळिंगचा डोंगरी किल्ला चढावा. ऊन चढण्यापूर्वी उतरता आले पाहिजे. पाणी बरोबर हवेच.

या सात दिवसांत चाळीसगावजवळचे पाटणादेवी राहून गेले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख तेथे सापडला. मग ते का वगळले? कारण डोंगरातील त्या स्थळासाठी एक संपूर्ण दिवस हवा. तो मिळविण्यास विश्रांती सोडावी लागली असती. योजना करणे म्हणजे निवड करणे, आणि निवड करताना चांगले स्थळही कधी मागे ठेवावे लागते. ते पुढच्या प्रवासाच्या यादीत पहिले लिहावे.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा पुढे घ्या आणि अशाच सात दिवसांची योजना स्वतः करून पाहा.